विधवेचा दाखला

शास्त्रपाठ : लूक १८ : १–८

वाचकांनी प्रथम लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील पहिली आठ वचने वाचावी व मग पुढे जावे. घरात ज्यांस वाचता येत नसेल त्यांस मुलांनी ती मोठ्याने वाचून दाखवावी.

आपल्या मराठीत 'दाखला' ह्या एकाच शब्दाने दोन गोष्टींचा बोध होतो. प्रभु येशूने ज्या गोष्टी सांगून लोकांस शिकविले त्यांस आपण दाखले म्हणतो. आणि कचेरीतून सही-शिक्क्यासह जो कागद मिळतो, त्यासही दाखलाच म्हणतो. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. पहिल्या प्रकारच्या दाखल्याविषयी पाळकाने बोलावे आणि दुसऱ्यासाठी ज्याचे त्याने कचेरीत जावे, अशी आजवर आमची समजूत होती. आमच्या मंडळीतील एका आईने ती समजूत मोडली. म्हणून ह्या आठवड्यात आम्ही दोन्ही दाखल्यांविषयी एकत्र लिहीत आहो. जे लिहितो ते तिच्या संमतीने. तिचे व गावाचे नाव मात्र देत नाही.

ही बाई विधवा नव्हे. परंतु तिचा नवरा दसरा झाला की ऊसतोडीस जातो तो उन्हाळा लागल्यावर परत येतो. तेव्हा वर्षातील निम्मे दिवस घरचे व बाहेरचे ओझे तिला एकटीलाच वाहावे लागते. तिचा धाकटा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यास वळून पाहात नसे. ऐकू मात्र त्यास चांगले येई. दूर सडकेवर ट्रॅक्टर आला की तो कानांवर हात ठेवून घरात पळे. भूक लागली तर बोट दाखवून मागण्याऐवजी तो आईचा हात धरून भाकरीच्या दुरडीपर्यंत नेई. खेळण्यातील गाडी उलटी करून तिचे एकच चाक तासन् तास फिरवीत बसे. दोन-चार शब्द तो बोलू लागला होता, तेही पुढे नाहीसे झाले.

कापणीच्या सणाची उपासना आटोपल्यावर ती त्यास कडेवर घेऊन आमच्याकडे आली व म्हणाली, "पाळकसाहेब, ह्याचं काहीतरी वेगळं आहे." आम्ही त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितले की, काही मुलगे उशिरा बोलतात, विश्वास धरा, धीर धरा. हे आम्ही कोणत्या ज्ञानावरून सांगितले? कोणत्याच नाही. आम्हांस पुढे आणखी एका गावी उपासनेस जावयाचे होते, आणि दुसरे बोलावयास आमच्याजवळ काही नव्हते. पाळकाचा शब्द म्हणून तिने तो मानला. दोन वर्षे गेली. शेतकऱ्यास ठाऊक आहे की वाफसा असेल तेव्हाच पेरावे लागते. मागून कितीही घाई केली तरी ते दिवस परत येत नाहीत. त्या बाळकाचे ते दिवस आमच्या शब्दापायी गेले. आमचे हे पाप आम्ही प्रथम येथे कबूल करितो, म्हणजे पुढे जे लिहू ते इतरांस दोष लावण्याकरिता आहे असे कोणास वाटणार नाही.

आता प्रभूच्या दाखल्याकडे वळू या. एका नगरात एक न्यायाधीश होता. तो देवास भीत नव्हता व माणसांची पर्वा करीत नव्हता. त्याच नगरात एक विधवा होती. ती वारंवार त्याच्याकडे जाऊन आपला न्याय मागे. पुष्कळ दिवस त्याने ऐकले नाही. शेवटी तिच्या येण्याने बेजार होऊन त्याने तिचा निवाडा केला. ह्यांत तीन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, विधवा भीक मागत नाही, न्याय मागते. ती न्यायाधीशाच्या दारी पीठ किंवा पैसा मागावयास गेली नव्हती. जे तिचे होते तेच तिला हवे होते, आणि ते तिचे आहे असे अधिकाऱ्याने म्हणावे, एवढीच तिची मागणी होती.

आमच्या ह्या बहिणीची मागणीही तशीच आहे. गावात कोणी म्हणाले, "सरकारी पैशासाठी पोराला वेडं ठरवते." बंधुभगिनींनो, हे बोलणे अज्ञानाचे व निर्दयपणाचे आहे. मुलाच्या ह्या अवस्थेस ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता असा शब्द रूढ झाला आहे. हे वेड नव्हे. मेंदूची वाढच इतरांहून निराळ्या रीतीने होते, व ती रीत जन्मापासूनची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांत एक माणूस असा होता. म्हणजे दीडदोनशे घरांच्या आपल्या खेड्यांतही अशी माणसे असावयाचीच. ती आपणांस दिसली नाहीत, कारण आपण त्यांस खुळा, मुका किंवा हट्टी म्हणून मोकळे झालो.

त्यांस कायद्यानेही फार उशिरा पाहिले. अपंगांकरिता १९९५ साली देशात जो कायदा झाला, त्याच्या यादीत ह्या अवस्थेचे नावच नव्हते. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात ते आले. पुढे २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला व त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद होऊन स्वमग्नतेसही स्थान मिळाले. ज्याचे दिव्यांगत्व शेकडा ४० किंवा त्याहून अधिक ठरते, अशा मुलास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय नावाच्या योजनेत औषधपाणी व उपचार ह्यांकरिता वर्षास एक लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. परंतु ह्या सर्व दारांची किल्ली एकच, आणि ती म्हणजे दाखला. दाखला नसेल तर हक्क कागदावरच राहतो. तेव्हा जी आई तो मागते ती लोभी नव्हे. ती त्या विधवेप्रमाणे आपला न्याय मागते.

दुसरी गोष्ट ही की, विधवेने हार खाल्ली नाही, आणि तिच्यासारख्यांनी हार खाल्ली नाही म्हणूनच आज मागावयास काही आहे. ह्या अवस्थेच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने ११ मुलांचे वर्णन छापून प्रसिद्ध केले. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. त्यांची लक्षणे वाचली म्हणजे वाटते की आमच्या खेड्यातील मुलाचेच कोणी वर्णन केले आहे. परंतु ह्यानंतर विद्वानांकडून मोठा अन्याय घडला. आईबापांच्या मनाचा थंडपणा हाच मुलांच्या ह्या स्थितीस कारण आहे, असे सांगण्यात येऊ लागले, आणि कॅनरच्या लिखाणानेही त्यास आधार मिळाला. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम ह्याने मोठा ग्रंथ लिहून तोच आरोप दूरवर पसरविला. किती मातांनी रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःस दोष दिला असेल, हे देवच जाणे.

आपण त्या विद्वानांस हसू नये. जन्मांध मनुष्यास पाहून प्रभूच्या शिष्यांनीही हेच विचारले होते की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने उत्तर दिले की दोहोंपैकी कोणाचेही नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात हे आहे. ते वाचूनही आपल्या गावात आजपर्यंत बोलतात की, बाईने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, किंवा घरात काही दोष आहे, किंवा मुलास बाहेरची बाधा आहे. ह्यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. ज्यांनी अशा मुलास झाडाफुंकीकडे नेले, किंवा ख्रिस्ताच्या नावाने त्याच्यातून भूत काढण्याकरिता त्यास धरून ठेवून भयभीत केले, त्यांनी त्या बाळकावर अन्याय केला आहे. प्रभूने लेकरांस जवळ घेतले. त्याने एकाही लेकराला भेवडावले नाही.

तर मग तो खोटा आरोप कोणी दूर केला? मुख्यतः आईबापांनी. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड हा मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचा बाप होता. त्याने १९६४ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की ह्याचे मूळ शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही. इंग्लंडात लॉर्ना विंग ही डॉक्टर होती व अशा एका मुलीची आईही होती. तिने व इतर पालकांनी मिळून १९६२ साली लंडन येथे संस्था काढली, आणि पुढे तिच्याच अभ्यासामुळे जगास कळले की ह्या अवस्थेचे रूप एकच नसते. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी पुष्कळ बोलतो. १९६९ साली अमेरिकेतील पालकांच्या सभेत कॅनरनेच उभे राहून आईबापांस निर्दोष ठरविले. न्यायाधीशाने विधवेचा निवाडा केला तो असा, वीस-पंचवीस वर्षांनंतर. आपल्या देशातही मेरी बारुआ ह्या आईने १९९१ साली दिल्लीत पालकांसाठी काम उभे केले, आणि अशा पालकांच्या खटपटीमुळेच १९९९ च्या कायद्यात हे नाव आले. म्हणून जी आई आज रांगेत उभी आहे, ती एकटी नाही. तिच्या पुढे पुष्कळ आईबाप त्याच रांगेत उभे राहून गेले आहेत.

येथे 'नाव' ह्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळ आईबाप नावासच भितात. "एकदा नाव लागलं की पोरावर जन्माचा शिक्का बसेल," असे ते म्हणतात. ही भीती आम्ही समजतो. परंतु नाव लागले नाही तरी शिक्के बसतातच. ते शिक्के खुळा, आळशी व बिनवळणी असे असतात, आणि ते खोटे असतात. खऱ्या नावाने दार उघडते. उत्तम मेंढपाळ मेंढरांस नावाने हाक मारतो, सरसकट हाकून नेत नाही. मराठी शब्दाविषयीही एक सावधगिरी हवी. ऑटिझम हा शब्द ग्रीक भाषेतील 'स्वतः' ह्या अर्थाच्या शब्दापासून केलेला आहे, व म्हणून आपण त्यास स्वमग्नता म्हटले. ह्यावरून कोणास वाटेल की हे मूल आपल्यातच दंग आहे व त्यास आईबापांची माया नाही. तसे नव्हे. आमच्या मंडळीतील मुलगा आईकडे पाहात नाही, पण ती पाण्यास गेली की उंबऱ्यावर बसून राहतो, आणि ती परत येईपर्यंत उठत नाही. प्रीती दाखविण्याची त्याची रीत निराळी आहे. ती ओळखणे हे आपले काम आहे.

हे नाव अधिकाराने कोण लावतो? डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ मुलास पाहून व आईबापांस विचारून ते ठरवितात. रक्त किंवा फोटो काढून ह्याचा पत्ता लागत नाही. भारतात ह्याकरिता तयार केलेल्या एका मापनीत ४० बाबी आहेत. मूल डोळ्यांत पाहते की नाही, तेच तेच शब्द पुनःपुन्हा बोलते काय, आवाजाने घाबरते काय, अशा प्रत्येक बाबीस एकापासून पाचापर्यंत गुण देतात. बेरीज ७० किंवा अधिक भरली तर ही अवस्था आहे असे समजतात, व किती ठळक आहे तेही बेरजेवरून ठरते. म्हणून आईने पाहिलेल्या बारीकसारीक गोष्टी फार मोलाच्या असतात; त्या तिने वहीत लिहून किंवा लिहवून न्याव्या. हे बरे करणारे औषध नाही, आणि जो कोणी पैसे घेऊन असे औषध देतो त्यापासून दूर राहावे. परंतु बोलणे, मागणे, कपडे घालणे, इतरांबरोबर बसणे हे धीराने शिकविता येते, व ते जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाड्यांत व शाळांत येऊन मुले तपासतात, व ज्यास गरज असेल त्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवितात. आमच्या ह्या बहिणीस वाट सापडली ती अशीच. पाळकाने नव्हे, अंगणवाडीच्या ताईंनी दाखविली.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. प्रभूने हा दाखला कशाकरिता सांगितला, हे लूक आरंभीच सांगतो. मनुष्याने सर्वदा प्रार्थना करावी व खचून जाऊ नये, ह्याकरिता. आणि प्रार्थनेचे उदाहरण म्हणून प्रभु कोणास पुढे करितो? मंदिरात गुडघे टेकलेल्या कोणा साधूस नव्हे, तर कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या एका बाईस. हे आमच्या ध्यानात पूर्वी कधी आले नव्हते. प्रार्थना करणे म्हणजे स्वस्थ बसणे, आणि कचेरीत जाणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे, असे आम्ही नकळत शिकवीत आलो. प्रभूने तसे शिकविले नाही. जी आई गुडघ्यांवर मागते व रांगेतही मागते, तिची ती एकच प्रार्थना आहे.

ही गोष्ट आम्ही ग्रंथातून शिकलो नाही. दाखल्याकरिता त्या बाईच्या पाच खेपा झाल्या होत्या. पहाटेची एस्. टी., दिवसाची मजुरी बुडालेली, मूल कडेवर. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा तपासणीचा वार निराळा, एकदा कागद अपुरे, एकदा यंत्र बंद, एकदा गर्दीमुळे नंबर लागला नाही. आम्ही तिच्या घरी जाऊन नेहमीप्रमाणे प्रार्थना केली. आमेन झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "पाळकसाहेब, प्रार्थना मी पण करते. पण रांगेत माझ्याबरोबर उभं राहायला कोणी नाही."

त्या रात्री आम्ही हा दाखला पुन्हा उघडला, व प्रथमच एक प्रश्न आमच्या मनात आला. त्या नगरात त्या विधवेचे शेजारी कोठे होते? तिच्या सभास्थानातील वडील मंडळी कोठे होती? सर्व नगरात तिच्याबरोबर एकही मनुष्य दिसत नाही. न्यायाधीश अन्यायी होता हे खरे. पण नगरही काही फार बरे नव्हते.

सहाव्या खेपेस आम्ही गेलो. मंडळीतील एक निवृत्त गुरुजी व एक वडीलधारी बाईही आल्या. तीन तास उभे राहिलो. दिव्यांचा झगमगाट, नावांचा पुकारा, चपलांचा आवाज. मुलगा कान झाकून जमिनीवर पडला व ओरडू लागला. शेजारचा एक मनुष्य म्हणाला, "पोराला वळण नाही लावलं." आई काही बोलली नाही. तिला सवय झाली होती, आम्हांस नव्हती. त्या वडीलधाऱ्या बाईंनी मुलास उचलून बाहेर झाडाखाली नेले, गुरुजींनी कागद लावून दिले, व आम्ही जागा धरून उभे राहिलो. त्या दिवशीही दाखला मिळाला नाही, तपासणीचा दिवस मात्र नेमून मिळाला. सातव्या खेपेस तपासणी झाली, व पुढे कार्ड आले. त्यात चमत्कार काही घडला नाही. इतकेच घडले की तिला एकटीला उचलावे लागले नाही.

म्हणून मंडळ्यांनी पुढील गोष्टी कराव्या अशी आमची विनंती आहे. गावात असे मूल असेल तर आईबापांस "उशिरा बोलेल" असे सांगू नका. अंगणवाडीच्या ताईंकडे व जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवा, आणि बरोबर जा. दाखल्याचा अर्ज स्वावलंबन नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. तरुण संघातील ज्यांस ते येते त्यांनी तो विनामूल्य भरून द्यावा. दाखला नाकारला गेला तर लेखी कारण मागावे. त्यावर दाद मागण्याची सोय कायद्यातच आहे. आई गेली असता तिच्या इतर मुलांस व शेरडांस कोणी पाहावे. बापांनीही जावे, हे बाईमाणसाचे काम आहे असे म्हणू नये. उपासनेत ध्वनिवर्धकाचा आवाज कमी ठेवावा. मूल मध्येच उठून फिरले किंवा ओरडले तर मागे वळून पाहू नये. आणि कोणीही, विशेषतः आम्हां पाळकांनी, त्या आईस असे वचन देऊ नये की विश्वास धरलास तर मुलगा बोलू लागेल. जे देवाने आपल्या हाती दिले नाही, त्याचे वचन देण्याचा आपणांस अधिकार नाही. न बोलताही तो मुलगा देवाचे लेकरू आहे.

तो मुलगा आता आठव्या वर्षात आहे. तो अद्यापि बोलत नाही. शाळेने त्यास घेतले आहे. आठवड्यातून दोन दिवस विशेष शिक्षिका येतात, व भूक लागली म्हणजे तो भाकरीच्या चित्रावर बोट ठेवतो. ज्या बोटाची आईने पाच वर्षे वाट पाहिली, ते हे बोट. ढोलकी व झांजा सुरू झाल्या की त्यास सोसत नाही. म्हणून गीते चालू असेतोवर तो व त्याची आई मंदिराबाहेर निंबाखाली उभी राहतात. पूर्वी ती दोघेच असत. आता मंडळीतील कोणी ना कोणी त्यांच्याबरोबर उभे असते; त्याची पाळी ठरलेली आहे, आणि आमचीही त्यात एक आहे.

प्रभूने हा दाखला एका प्रश्नाने संपविला आहे. मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्यास पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? आम्ही आजवर समजत होतो की तो विश्वास शोधावयास मंदिरात येईल. आता वाटते की तो आधी रुग्णालयाच्या त्या रांगेत जाईल. तेथे विश्वास त्यास आढळेल ह्याविषयी आम्हांस शंका नाही. तो त्या आईजवळ आहे. तिच्याबरोबर आपण त्यास आढळू काय, एवढेच आपणांस ठरवावयाचे आहे.

हे दयाळू पित्या, जी तुझ्याजवळ व माणसांजवळ न्याय मागून थकली आहेत, त्यांस खचू देऊ नको. आम्ही जी वर्षे वाया घालविली त्यांची आम्हांस क्षमा कर, आणि पुढच्या खेपेस आम्हांस त्यांच्याबरोबर उभे कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.